हँडलवरची दुर्बीण

मी आर्मरर होतो. बंदूक चालवणारा नव्हे, बंदुकीची देखभाल करणारा. फौजेतली सगळी नोकरी त्यातच गेली. हवालदार म्हणून बाहेर पडलो, काही महिने साताऱ्याला घरी बसून काढले आणि ऐंशी सालाच्या पुढेमागे बहरीनला गेलो. तिथल्या एका सरकारी शस्त्रागाराच्या वर्कशॉपमध्ये जागा मिळाली होती. काम ओळखीचंच होतं. बाकी सगळं नवं.

राहायला उम्म अल हस्सममध्ये एका फ्लॅटमधली खोली, दोघांत एक. दुसरी कॉट वसईच्या एका मिस्त्रीची. ख्रिस्ती माणूस, माझ्याहून थोडा मोठा, अंगानं सडपातळ, मिश्या कायम कातरलेल्या. तुबलीच्या एका वर्कशॉपात तो मिलिंग मशीनवर होता. त्याची घरची बोली मला निम्मीच कळायची, म्हणून माझ्याशी तो शाळेतली मराठी बोलायचा. मी त्याला मिस्त्री म्हणायचो आणि तो मला हवालदार. पाच-सहा वर्षं आम्ही एका खोलीत काढली. माझी बायको माझ्याबरोबर त्याच्या निम्मासुद्धा काळ राहिली नव्हती, असं मी एकदा त्याला म्हणालो होतो. तो हसला नाही. म्हणाला, "माझीपण नाही."

आमच्या शस्त्रागाराचा प्रमुख एक बहरीनी सार्जंट होता. पोट सुटलेला, शांत, हिंदी बरी बोलणारा. मनामाच्या बाजारातल्या हिंदी दुकानदारांकडून तो ती लहानपणीच शिकला होता. एका सकाळी त्यानं मला बोलावलं. टेबलावर एक लांबट पेटी उघडी होती आणि तीत फोमच्या खाचांमध्ये दुर्बिणी होत्या, रायफलीवर बसवायच्या.

"हवालदार, ये अपनी बंदूक पर लगाना है," तो म्हणाला.

अडचण अशी होती की आमच्या रायफलींना पाठीवर हँडल होतं. सुटकेस उचलतात तशी ती रायफल हँडलला धरून उचलायची. नेम धरायची मागची साइट त्या हँडलमध्येच बसवलेली. दुर्बीण बसायची तर त्या हँडलच्याच डोक्यावर, आणि पेटीबरोबर आलेल्या पट्ट्या भलत्याच बनावटीच्या रायफलीच्या होत्या. आमच्या हँडलवर त्या ठेवल्या की डुगडुगायच्या. नव्या मागवायच्या तर वर्ष गेलं असतं. नेमबाजांच्या तुकडीचा सराव थंडीतच सुरू व्हायचा होता.

मी म्हणालो, "इथंच करून घेऊ. माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे."

"यल्ला," सार्जंट म्हणाला, म्हणजे चल, लाग कामाला.

रायफल शस्त्रागाराबाहेर न्यायची सोय नव्हती. एका बाद झालेल्या रायफलीचा वरचा भाग, हँडलसकट, लिहून-सही करून मला मिळाला. तो मी फडक्यात गुंडाळून तुबलीला घेऊन गेलो. मिस्त्रीनं तो हातात घेतला, हँडलवरच्या पन्हळीतून अंगठा पुढं-मागं फिरवला, मधल्या भोकात करंगळी घातली.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच नाही. दुर्बीण हलता कामा नये. गोळी सुटली की धक्का बसतो, उन्हात लोखंड तापतं, तरीही नाही. आणि नळी जिकडं बघते तिकडंच दुर्बिणीनं बघायला हवं. केसभर तिरकी बसली तर लांबवर पुरुषभर फरक पडतो."

"आणि खालची जुनी साइट?"

"तीही दिसायला हवी. दुर्बीण फुटली तर माणूस काय करणार?"

त्यानं ॲल्युमिनियमचा ठोकळा घेतला. खालची बाजू पन्हळीत घट्ट बसेल अशी तासली, मधून आरपार बोगदा पाडला म्हणजे त्यातून जुनी साइट दिसेल, वर दुर्बिणीची कडी बसवायला सपाट जागा केली. वरून एक पोलादी बोल्ट हँडलच्या भोकातून खाली, आणि खाली पट्टी व नट. दुर्बिणीची ही बैठक, म्हणजे पहिला माउंट, त्यानं मला दिला तेव्हा तो गरम होता. मी तो हँडलवर ठेवला आणि तो टक् करून बसला. बोल्ट न आवळताच हलेना.

दुर्बीण चढली, पण आता ती इतकी उंच गेली की खांद्याला लावायच्या बटावर गाल टेकवला तर डोळा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. हनुवटी टेकवून नेम धरावा लागे. त्यावर तोडगा मिस्त्रीनंच काढला. त्याच्या वर्कशॉपशेजारी गाड्यांच्या सीटा शिवणारा एक पाकिस्तानी होता. त्याच्याकडून नमदा आणि चामडं घालून बटावर बांधायच्या छोट्या उशा शिवून घेतल्या. सार्जंटनं त्या उशीवर गाल ठेवला आणि डोळे मिटून म्हणाला, "यहाँ तो नींद आएगा." त्या दिवशी आम्ही तिघंही फार खूश होतो.

पहिले काही माउंट बिनचूक आले. मग पुढच्या खेपेला गडबड व्हायला लागली. दुर्बीण डावीकडं बघायची. तिच्या नेम जुळवायच्या चकत्या पार शेवटपर्यंत फिरवल्या तरी नेम नळीवर येईना. मी दोन परत पाठवले. मिस्त्री म्हणाला, ठोकळा धरणाऱ्या व्हाइसमध्ये कचरा अडकला असेल. पुढचे दोनही तसेच आले. मी पुन्हा गेलो तेव्हा तो चिडला.

"तुमच्या रायफलीचं हँडलच वाकडं असेल. माझ्या हातची चूक शोधू नको."

"सगळ्याच रायफली वाकड्या कशा असतील, मिस्त्री?"

तो मशीनकडं तोंड करून उभा राहिला. तो असा कधी बोलत नसे. मला वाटलं, घरचं काही असेल.

सार्जंटला मी सांगितलं की मिस्त्रीला एकदा रायफलीवरच दाखवू. त्यानं पास काढून दिला. एका सकाळी मी मिस्त्रीला पिकअपमध्ये घालून दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या रेंजवर घेऊन गेलो. थंडी सुरू झाली होती, पण ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि वारा होता.

रायफल आम्ही वाळूच्या पोत्यांवर पक्की ठेवली होती. रायफलीच्या आतला, नळी मागून बंद करणारा बोल्ट काढून ठेवलेला, म्हणजे मागून नळीच्या आरपार बघता येतं. दूरवर एक पाण्याची टाकी होती. नळीतून बघितलं की बरोबर मधोमध टाकी. मग रायफल न हलवता दुर्बिणीतून बघायचं. तिथंही फुलीवर टाकीच यायला हवी. आमच्या दुर्बिणीत फुलीवर टाकीच्या बाजूची ओसाड वाळू यायची. मी बघितलं, सार्जंटनं बघितलं. मग वाऱ्याचा एक झोत आला, वाळू उडाली, आणि सार्जंटनं दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर रबरी टोपण चढवलं. सवयीनं. वाळूनं काच खराब होते.

वारा पडला. मी मिस्त्रीला म्हणालो, "आता तू बघ."

तो गुडघ्यावर बसला. आम्ही बसलो होतो तसाच. उशीवर गाल ठेवला, डावा डोळा मिटला, उजवा दुर्बिणीला लावला आणि बराच वेळ बघत राहिला.

"दिसते की टाकी," तो म्हणाला. "तू म्हणतोस तशी जरा बाजूला आहे खरी. बाकी एकदम स्वच्छ."

टोपण तसंच होतं.

मी ते बघितलं आणि सार्जंटकडं बघितलं. त्याचाही हात टोपणाकडं निघाला होता. तो मध्येच थांबला. त्यानं हात मागं घेतला, पाठीमागं बांधला. मिस्त्री अजून दुर्बिणीला डोळा लावून बसला होता आणि मान हलवत होता.

"खलास," सार्जंट म्हणाला. "आज धूप बहुत है. बाकी बाद में." आणि मिस्त्री उठून कपडे झटकत असताना त्यानं पाठमोरं होऊन टोपण काढलं आणि खिशात टाकलं.

परत येताना तुबलीच्या खाडीपाशी आलो, तिथं पिकअप कडेला घेतली. ओहोटी होती. चिखलाचा वास येत होता आणि पक्षी चिखलात चोची मारत होते.

"मिस्त्री, दुर्बिणीवर टोपण होतं."

तो समोर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सार्जंटनं पण बघितलं?"

"हो."

"बोलला नाही काही."

"नाही."

"चांगला माणूस आहे," तो म्हणाला. आणि मग सांगायला लागला.

उजवा डोळा गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं. आधी कडा गेल्या, मग पाइपातून बघावं तसं दिसायचं, मग तोही पाइप बुजला. आता डाव्याच्या कडा जात होत्या. व्हिसाच्या मेडिकलमध्ये छातीचा फोटो काढतात, रक्त घेतात, डोळ्यांकडं कोणी बघितलं नव्हतं. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. दाराच्या चौकटीला लागणारा त्याचा खांदा. कपाबाहेर सांडणारा चहा, आणि मी म्हणायचो, लक्ष कुठं आहे तुझं. रस्ता ओलांडताना तो माझ्या उजव्या अंगाला न चालता नेहमी डाव्या अंगाला यायचा, म्हणजे मी त्याच्या आंधळ्या बाजूला येईन.

"डॉक्टरकडं का गेला नाहीस?"

"काय सांगणार ते? मला माहीत आहे ते काय आहे. माझा बाप चाळिशीत आंधळा झाला. आई त्याला सकाळी हात धरून ओट्यावर आणून बसवायची. तो बसलेला असायचा. आम्ही पोरं तिथंच खेळायचो आणि तो आहे हे विसरून जायचो. ऊन सरकत त्याच्या अंगावर यायचं. तो सांगायचा नाही, की मला उचला, ऊन लागतंय. त्याला लाज वाटायची. आई विहिरीवरून आली की बघायची तर त्याचं डोकं तापलेलं."

तो थांबला. "घरी काही कळवू नको, हवालदार. जोवर हात चालतायत तोवर चालू दे."

मी पिकअप सुरू केली.

दोन-चार दिवसांनी सार्जंट स्वतःची गाडी घेऊन आमच्या फ्लॅटखाली आला. हॉर्न वाजवला. मिस्त्रीला म्हणाला, "चलो, डॉक्टर मेरा पहचान का है." मिस्त्रीला त्याला नाही म्हणता येईना. माझ्याशी तो भांडला असता.

डॉक्टर केरळच्या बाई होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं. मग इंग्रजी मिसळलेल्या हिंदीत सांगितलं, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकेल तितकी टिकेल, पण फार नाही.

"घरात कुणाला होतं?"

"बापाला."

"मग आधी का नाही आलात?"

"आधी आलो असतो तर आधी कळलं असतं," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "मुलं?"

"एक मुलगी. दहावीला आहे."

"तिचे डोळे लगेच तपासून घ्या. लगेच. हे रक्तातून येतं. लवकर सापडलं तर वाचवता येतं."

मिस्त्री खुर्चीत सरळ बसला. स्वतःबद्दल ऐकताना त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नव्हती. आता त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. बाहेर आलो तर सार्जंट गाडीला टेकून उभा होता. त्यानं आमच्या चेहऱ्यांकडं बघितलं आणि काही न विचारता दार उघडलं.

त्याच संध्याकाळी आम्ही टेलिफोन ऑफिसात गेलो. त्याच्या घरी फोन नव्हता. गावात चर्चच्या बंगल्यावर होता. तिथं निरोप देऊन ठेवला आणि परत लावला तेव्हा बायको येऊन थांबली होती. बूथचं दार नीट लागत नव्हतं. मी बाहेर उभा होतो, मला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं.

"पोरीचे डोळे दाखवून घे. मोठ्या डॉक्टरला. मुंबईला ने... नाही, तिला काही झालं नाही. पण दाखव... उद्याच... विचारू नको ना कशाला."

मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. त्यानं रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला. कपाळ काचेला टेकवलं.

"कारण माझे गेले," तो म्हणाला.

पलीकडं काय झालं ते मला ठाऊक नाही. तो "हो, हो" म्हणत राहिला आणि ऑपरेटरनं वेळ संपल्याचं सांगितलं तरी रिसीव्हर ठेवेना. मी आत जाऊन तो त्याच्या हातातून घेतला.

माउंट अजून राहिले होते. मी सार्जंटला म्हणालो, दुसरा मिस्त्री बघतो. सार्जंट म्हणाला, "नहीं. वही करेगा. तुम साथ में बैठो." मग रोज दुपारी सुट्टी झाली की मी तुबलीला जायचो. मशीनच्या चकतीवरचे बारीक आकडे मी वाचायचो आणि तो हँडल फिरवायचा. मी म्हणायचो थांब, तो थांबायचा. भोक पाडायच्या आधी खुणेवर मी त्याचं बोट ठेवून द्यायचो. काम हळू व्हायचं. वर्कशॉपमधले बाकीचे लोक आमच्याकडं बघायचे आणि बघत नसल्यासारखं करायचे. त्या दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं पाच वर्षांत बोललो नव्हतो. तो मला त्याच्या लग्नातलं सांगायचा, वाडीतल्या केळींचं सांगायचा, आणि अधूनमधून विचारायचा, "लाल म्हणजे कसं असतं ते विसरायला होतं का रे नंतर?" मी पुढचा आकडा वाचायचो.

सगळे माउंट बसले. एकही तिरका नव्हता. रेंजवर पहिल्या दिवशी नेमबाजांनी गोळ्या झाडल्या, सार्जंटनं टार्गेटचा कागद काढून घेतला आणि घडी न घालता माझ्याकडं दिला. मिस्त्रीला दे म्हणाला. मी तो दिला तेव्हा मिस्त्रीनं भोकांवरून बोटं फिरवली. भोकं एकमेकांत मिसळली होती, म्हणजे सगळ्या गोळ्या एकाच जागी गेल्या होत्या.

"बरे बसलेत माउंट," तो म्हणाला आणि कागद कॉटखाली ठेवून दिला.

उन्हाळ्यात तो गेला. व्हिसा रिन्यू करायचा नाही असं त्यानं आपणच मालकाला सांगितलं. विमानतळावर जायच्या सकाळी तो मला म्हणाला, "पांढरा शर्ट घाल. आणि माझा हात धरू नको. तू पुढं चाल, मी शर्टाच्या मागं येतो." मी तसंच केलं. मोहर्रकच्या विमानतळावर गर्दी होती, ट्रॉल्या होत्या. मी हळू चालत होतो आणि मागं वळून बघत नव्हतो. त्याच्या चपलांचा आवाज येत होता. एकदा तो कुणाला तरी धडकला आणि सॉरी म्हणाला. पासपोर्टच्या रांगेपुढं मला जाता येत नव्हतं. तिथं एका मंगलोरच्या बाईला मी विनंती केली. तिनं निळी साडी नेसली होती. मिस्त्री म्हणाला, "निळी मला नीट दिसत नाही," आणि पहिल्यांदाच हात पुढं केला. तिनं तो धरला.

दीड-दोन वर्षांनी मी सुट्टीवर आलो तेव्हा वसईला गेलो. घर केळीच्या वाडीत होतं. ओटा रिकामा होता. बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तो तिथं, चुलीजवळच्या पाटावर बसला होता. आता त्याला काहीच दिसत नव्हतं. बाहेर बसायला तो तयारच नाही, असं त्याच्या बायकोनं सांगितलं, घरात माणसांच्या पायात येतो पण बाहेर जात नाही. मिश्या वाढल्या होत्या. हात मऊ पडले होते. ते हात धरले तेव्हा मला रडू आलं आणि त्याला ते आवाजावरून कळलं.

"हवालदार, चहा घे," तो म्हणाला.

मुलगी कॉलेजातून आली. तिच्याही डोळ्यातला दाब वाढलेला निघाला होता, पण वेळेवर. थेंब चालू होते आणि नजर पूर्ण शाबूत होती. ती मला इंग्रजीत थँक यू म्हणाली. का म्हणाली ते मी विचारलं नाही. बापाच्या अंगावरून वाकून तिनं फळीवरचा डबा काढला, तर त्यानं मान वर करून विचारलं, "वाचता येतं ना नीट? फळ्यावरचं?" बायको म्हणाली, रोज विचारतात. मुलगी म्हणाली, "येतं, पपा." ती रोजच तेवढंच सांगत असावी.

निघताना त्यानं विचारलं, माउंट हलले का. मी खरं ते सांगितलं. हलले नाहीत, पण परदेशातून तयार माउंट आले आणि आमचे काढून एका खोक्यात ठेवले. त्यानं पाटाची कड चाचपली. मग म्हणाला, "फेकले नाहीत ना?"

"नाही."

"मग ठीक."

परत गेल्यावर सार्जंटनं चौकशी केली. मी मुलीचं सांगितलं. "अल्हम्दुलिल्लाह," तो म्हणाला. मग मिस्त्रीचं विचारलं. दिवसभर काय करतो? मी म्हणालो, बसलेला असतो. सार्जंट त्याच वर्षी रिटायर झाला.

मिस्त्री नंतर फार दिवस राहिला नाही. छातीत दुखलं आणि गेला. बातमी मला वसईकडून आलेल्या एका माणसाकडून कळली तेव्हा मातीही होऊन गेली होती. पुढच्या शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मी मनामातल्या चर्चमध्ये गेलो. तिथली प्रार्थना मला येत नव्हती. शेवटच्या बाकावर बसलो. लोक उठले की उठलो, गुडघ्यावर बसले की बसलो, आणि बाकीचे निघून गेल्यावर मिस्त्रीसाठी एक मेणबत्ती लावली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "आपका कौन था?"

मी म्हणालो, "एक ही कमरे में रहते थे."